उजवी मूठ

लातूरच्या मिशन शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या रांगेत प्रेमलाबाई उभ्या होत्या. पुढं किराणावाले मलप्पा आणि त्यांची बायको शरणम्मा. आपण हळू बोलतोय असं समजून दोघं साऱ्या रांगेला ऐकवत होते.

“नवा जिल्हा झाला, मठाच्या शाळंला बी अनुदान आलं. नातीला तितं घालू.”

“हितल्या मास्तरणींना बी सरकारच पगार देतंय की.”

“पगाराचं न्हाई गं. सिस्टरनं पोरीच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून घेतलं. बाजारात ऐकलं मी.”

“काढलं न्हाई वो. परीक्षेत दोरा तुटला. आपली महादेवी लिंग मुठीत धरून रडत बसली. खाली ठिवता येईना, पेपर लिहिता येईना.”

“मग?”

“सिस्टर म्हणल्या, माज्या हातात दे. त्याआधी हात धुतले, ह्या दुष्काळात, सोताच्या प्यायच्या तांब्यातल्या पाण्यानं.”

“अन् मग टेबलावर ठिवलं आसंल.”

“न्हाई, दोन तास सिस्टरनी उजवी मूठ उघडली न्हाई. फळ्यावर किती वेळ उरला ते डाव्या हातानं लिहिलं. महादेवी म्हणती, लई वाकडं अक्षर.”

“हे काल का न्हाई सांगितलंस?”

“सांजपतोर टँकरपाशी उभी होते. घरी आले तर तुमी अर्ज लिहून, फुगून बसलेले.”

रांग सरकली. खिडकीतून कारकुनानं हात पुढं केला.

“अर्ज द्या. दाखला न्यायचाय ना?”

मलप्पांनी अर्जाची घडी करून टोपीत खोचली.

“न्हाई. वाकड्या अक्षराच्या सिस्टर कुठल्या वर्गावर हायत, तेवढं सांगा.”