फुली मारलेलं चित्र

नलूबाई : वाच पुन्हा. उकंडाच्या नावाचं आहे ते.

उर्वशी : किती वेळा, आजी? 'चौकात पोस्टर लावूनही उकंडा यांनी सूचनांकडे दुर्लक्ष केले. दोन औषधे एकत्र करून, तोंड न झाकता कपाशीवर फवारणी केली.' उद्या हा अहवाल कॉलेजात सरांना द्यायचा आहे. मग मी काढलेलं हेच पोस्टर साऱ्या तालुक्यात लागणार.

नलूबाई : दुर्लक्ष म्हंजे?

उर्वशी : पाहिलंच नाही, असं.

नलूबाई : पाह्यलं त्यानं. तुह्या सरानं पाह्यलं नसंन इतकं निरखून.

उर्वशी : पाहूनही तसंच केलं? मग तर त्याचीच चूक. पंधरा दिवस दवाखान्यात होते उकंडाकाका, डाव्या डोळ्यानं अजून दिसत नाही. सर म्हणाले, पोस्टर उत्तम आहे, माणूसच बेफिकीर.

नलूबाई : आधी तुह्या सराच्या तोंडाले फडकं बांध. पसरव ते पोस्टर. हा कोन?

उर्वशी : उघड्या तोंडानं फवारणारा माणूस.

नलूबाई : अन् त्याच्यावर?

उर्वशी : लाल फुली. चुकलं तिथं गुरुजी मारतात तशी.

नलूबाई : मी दुसरीतून शाळा सोडून वावरात निंदाले गेली. माह्या पाटीवर कोन्या गुरुजीनं फुली मारली? आमच्या बायांची फुली मतदानाची. मशीन यायच्या आधी पंचायतीच्या निवडणुकीत साऱ्या भेत होत्या, मीच शिकवलं त्याइले. कपबशी पाहिजे तं कपबशीवर फुली मारा, म्हणलं.

उर्वशी : (पोस्टरवरचा हात मागे घेत) म्हणजे तू समजलीस की...

नलूबाई : का हेच करा, म्हणून.

उर्वशी : आणि ही हिरवी खूण? बरोबरची?

नलूबाई : हा तं विळा होय. कापून टाका. हातमोजेवाला कापला, तोंड बांधलेला कापला. मले वाटलं, गरिबाले एवढं कुठून जमते म्हणून कापले तुनं. अन् दोन बाटल्या एका ड्रमात, त्याच्यावर फुली. यंदा बोंडअळी एका औषधानं मरून नाही राह्यली. म्हणलं, शिकलेली पोरगी सांगते, तं असंनच.

उर्वशी : पण छापायच्या आधी मी तुलाच दाखवलं होतं. कमी शिकलेल्या बारा जणांना दाखवलं, असं लिहिलंय अहवालात, पहिलं नाव तुझं. तू म्हणालीस, सारं समजलं, झकास आहे.

नलूबाई : तुह्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या माह्या बाजेवर. त्याइच्यासमोर म्हणू, मले समजलं नाही?

उर्वशी : म्हणायचं होतं.

नलूबाई : हो.

उर्वशी : काकांना थोडं वाचता येतं तरी.

नलूबाई : मुंगीएवढी तुही अक्षरं. म्हणूनच आला तो घरी. पंप पाठीवर होता. म्हने, काकी, उर्वशीनं चित्र काढलं ते नीट कळून नाही राह्यलं. औषधं कालवायची का नाही? मी तांदूळ निवडत होती. वर बी पाह्यलं नाही.

उर्वशी : काय सांगितलंस?

नलूबाई : म्हणलं, फुली मारली ना? मंग तेच करायचं. इतके वर्षं मत देऊन राह्यला अन् एवढं कळत नाही? हासला अन् गेला.

उर्वशी : आजी, चूक माझी आहे. काय समजलं ते सांग, असं विचारायला हवं होतं. मी नुसतं विचारलं, समजलं का.

नलूबाई : तुही तुह्यापाशी ठेव. माही मले नेऊ दे. ते दुर्लक्ष खोड आधी.

उर्वशी : तिथं काय लिहू?

नलूबाई : नलूबाईनं सांगितलं म्हणून केलं, असं लिही.

उर्वशी : सारे वाचतील गं.

नलूबाई : वाचू दे. अक्षर मोठं काढ.

उर्वशी : आता कुठं निघालीस?

नलूबाई : उकंडाकडं. त्याची बायको, दीपा, रोज बोलते त्याले. चौकात चित्र लावलं तरी आंधळ्यावानी वागला, म्हणते. तो खाली मान घालून ऐकते. माहं नाव एकदाबी घेतलं नाही त्यानं.

उर्वशी : मी येऊ सोबत?

नलूबाई : नको. गेलं का दीपा आधी पाणी आनते. मी पयले सांगतो. मंग तिनं देल्लं, तं घेतो.