सात मिनिटांची साक्ष

हर्षाली : आई, मामा मघापासून उभेच आहेत. उन्हात.

तुकाबाई : मग? ऊन काय मी पाडलंय? ओट्यावर जागा हाय. बसायचं त्यानं बसावं.

गोरक्ष : तू म्हणशील तेव्हा बसतो, आक्का.

तुकाबाई : आलं पुन्हा माझ्यावरच. तवा मला न इचारता सगळं केलंस, आन् आता बसायला परवानगी मागतोस व्हय?

हर्षाली : बसा मामा. पाणी घ्या. पिंपरीहून कधी निघालात?

गोरक्ष : पहाटे. घोडेगावपर्यंत एसटी मिळाली. तिथून डिंभ्याला गाडीच नव्हती. शेवटी मासळीच्या रिकाम्या टेम्पोत बसून आलो.

तुकाबाई : ते कळतंय वासावरनं.

गोरक्ष : तुझा मेसेज रविवारी आला, हर्षाली. "मामा, व्हिडिओतली बहीण म्हणजे माझी आई का?" एवढंच. राग नाही, शिवी नाही. शिवी असती तर उत्तर देता आलं असतं.

हर्षाली : मला आधी खात्री करायची होती. तुमच्या चर्चच्या मंडळीच्या चॅनलवर होता तो व्हिडिओ. सात मिनिटं बारा सेकंद. त्यात "माझी एक बहीण" चार वेळा आलंय, आईचं नाव एकदाही नाही. पण मेंढरांचा वाडा, नर्सिंगच्या निवडीचं पत्र, नव्याण्णव साल, घोडेगावच्या भंवरलाल शेठचं दुकान. एवढं सगळं जुळणारी दुसरी बहीण कुठून येणार?

तुकाबाई : मी हितंच नाचणी पाखडत व्हते. ही मोबाईल घेऊन आली. मला लांबनंच तुझं तोंड दिसलं. म्हणलं, गोरख टीव्हीवर आला जणू! सूप ठेवलं, हात पुसले, लई हौसेनं बसले बघायला.

गोरक्ष : आक्का...

तुकाबाई : तू रडत व्हतास. मागनं लोक हालेलूया म्हणत व्हते. मला कळंना, कोण गेलं का काय. मग तू म्हणलास, बहिणीची निवड झाली व्हती, तिचं पत्र मी लपवलं, मागनं जाळलं. आन् टाळ्या वाजल्या. माझ्या पत्रावर टाळ्या वाजल्या रे, गोरख.

गोरक्ष : त्या टाळ्या पत्राला नव्हत्या. पापी माणूस मागं फिरला की मंडळीला आनंद होतो, त्याच्या होत्या. त्याला आमच्यात साक्ष देणं म्हणतात.

तुकाबाई : साक्ष कोर्टात असती. आन् कोर्टात फिर्यादीला बोलवत्यात. हितं फिर्यादी नाचणी पाखडतीय डिंभ्यात, तिला कागूद न्हाई, पत्तर न्हाई. आरोपी तिकडं पिंपरीत रडला आन् सुटला. लोकांनी वर हात जोडले. किती गं, हर्षे?

हर्षाली : एकशे छत्तीस. व्हिडिओखाली हात जोडलेल्या खुणा.

तुकाबाई : एकशे छत्तीस जणांना माझ्या आधी ठाऊक झालं की मी पास व्हते.

गोरक्ष : हे माझ्या लक्षातच आलं नाही. खरंच सांगतो. बाप्तिस्मा घेऊन नऊ वर्षं झाली. देवापुढं हे रोज बोलत होतो. बोलून बोलून मला वाटायला लागलं की हे आता सांगून झालंय.

तुकाबाई : तू देव कंचा धरलास त्याच्याशी माझं भांडाण न्हाई. बिरोबा सोडलास तवा भावकी बोलली, मी एक सबूद काढला न्हाई. दारू न्हाई, मारामारी न्हाई, तुझी बायको हसती हाय. चांगलंच हाय की. पण त्या पत्रावर नाव कुणाचं व्हतं? माझं का तुझ्या देवाचं?

गोरक्ष : तुझं.

तुकाबाई : मग त्यानं माझ्या वाटची माफी कशी दिली?

गोरक्ष : पास्टर सांगतात, माणसाविरुद्ध केलेलं पाप देवाविरुद्धबी असतं.

तुकाबाई : 'बी' म्हणलास. म्हंजी दोघांचं झालं. एकाची सही मिळाली, दुसऱ्याची?

गोरक्ष : म्हणून तर आलो.

तुकाबाई : पोरीनं धरलं म्हणून आलास.

गोरक्ष : ...हो. तसंबी आहे. मेसेज आला नसता तर आलो असतो का, मला सांगता येत नाही. हो म्हणालो तर अजून एक खोटं होईल.

हर्षाली : मामा, एक विचारू? भांडायला नाही, मला समजून घ्यायचंय. पश्चात्ताप म्हणजे तुमच्यात नेमकं काय? वाईट वाटणं?

गोरक्ष : नाही. वाईट वाटणं वेगळं. तो पस्तावा. पस्तावा मला सोळाव्या वर्षापासून आहे, त्यानं काही झालं नाही. उलट पस्तावा होतोय म्हणून मी स्वतःला बरा माणूस समजत राहिलो. पास्टर म्हणतात, शास्त्रातला मूळ शब्द मागं वळणं असा आहे. चाललोय ती वाट सोडायची आणि तोंड फिरवायचं.

तुकाबाई : नुसतं तोंड?

गोरक्ष : म्हणजे?

तुकाबाई : दहावीपतूर वाड्यात वाढलास आन् इसरलास? मेंढरं राखायला निघालं की आपण काय म्हणायचो?

गोरक्ष : मेंढरं वळायला चाललो.

तुकाबाई : हां. वळायला. मेंढरू आपल्या मनानं कधी वळलंय का? पुढनं जाऊन आडवं उभं ऱ्हावं लागतंय. कुणी आडवं आलं की मग त्ये तोंड फिरवतंय. आन् तोंड फिरवलं म्हंजी काय वाड्यात आलं न्हाई. जेवढं लांब गेलंय तेवढं माघारी चालावं लागतंय त्याला. घाटघरला चुकल्यालं मेंढरू नाणेघाट उतरून खाली गेलं, तर वळलं म्हणून वर येतंय का? अख्खा घाट चढाया लागतोय.

हर्षाली : दिशा बदलली, पण अंतर तेवढंच राहिलं.

तुकाबाई : तू तुझ्या कालिजातलं बोल. पण त्येच.

गोरक्ष : आडवं कुणीतरी यावं लागतं, हे बरोबर बोललीस. त्यालाच आम्ही कृपा म्हणतो. मी आजवर समजत होतो, मला देव आडवा आला, मी वळलो, झालं. ही पोरगी आडवी येईल असं वाटलं नव्हतं.

तुकाबाई : मग चाल की. किती लांब गेला व्हतास त्ये सांग.

गोरक्ष : पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं. आपला पत्ता एका जागी नसायचा, म्हणून टपाल भंवरलाल शेठच्या दुकानात यायचं. मी वही आणायला गेलो होतो. शेठनं वहीबरोबर पाकीट दिलं. मी रस्त्यातच फोडलं.

तुकाबाई : हे व्हिडिओत हाय. म्होरं.

गोरक्ष : आई अंथरुणाला खिळलेली. दिवाळी झाली की दादा, हर्षाली, तुझे आजोबा, मेंढरं घेऊन कोकणात उतरणार. तू नर्सिंगला गेलीस तर दादांबरोबर मला चालावं लागणार, आणि माझी दहावी जाणार. म्हणून विज्ञानाच्या पुस्तकात ठेवलं लपवून.

तुकाबाई : हेबी व्हिडिओत हाय. न्हाई त्ये सांग. तू काय तरी गाळलंस. मी तीन येळा बघितला, तिन्ही येळा वाट बघितली, आता म्हणल, आता म्हणल.

हर्षाली : आई, काय गाळलं?

तुकाबाई : त्याला इचार.

गोरक्ष : तू रोज विचारायचीस, पत्र आलं का. मेंढरं निघायच्या आदल्या दिवशी मी तुला म्हणालो, घोडेगावला यादी लागली, आक्का. मी वाचली. तुझं नाव नाही.

हर्षाली : अशी काही यादी लागलीच नव्हती?

गोरक्ष : नाही.

तुकाबाई : आन् मी काय म्हणले?

गोरक्ष : आक्का, ते नको.

तुकाबाई : मला ठाऊक हाय. तिला ठाऊक न्हाई.

गोरक्ष : म्हणालीस, "जाऊ दे. तू तरी शीक." आणि तुझी कंपासपेटी मला दिलीस. पत्र लपवलं, जाळलं, हे लोकांपुढं बोलता येतं. लोक रडतात, मीही रडतो. पण हे नाही बोलता येत. हे बोललो तर रडू येत नाही. नुसतं तोंड कोरडं पडतं.

तुकाबाई : कळलं तुला, काय केलंस त्ये? पत्र लपवलंस त्यानं माझी नोकरी गेली. ऱ्हायलं, लई जणींची जाती. पण यादीत नाव न्हाई म्हणलास, तवापासनं मी मला ढ समजत आले. हिला पाढे शिकवताना कचरायची, चुकंल म्हणून. पोरीच्या शाळेत मास्तर काय बोलले की मान डोलवायची, उलट बोलायची न्हाई. आपण नापास ना. शेठच्या दुकानात किती येळा गेले, पत्राचं कधी इचारलं न्हाई. लाज वाटायची. एक सबूद इचारला असता तर तवाच कळलं असतं.

गोरक्ष : मला माहीत आहे.

तुकाबाई : तुला काय म्हाईत? त्या साली खाली कोकणात एका सरकारी दवाखान्याम्होरं वाड्याचा मुक्काम पडला आपला. तिथली नर्स सायकलीवर यायची. पांढरी साडी, पदर खोचल्याला. मी बांधाला उभी राहून तिला आत जाताना बघायची आन् मग कोकरांकडं वळायची. ईस दिवस रोज. दादा म्हणले, काय बघती? म्हणलं, काय न्हाई, सायकल बघती.

हर्षाली : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

तुकाबाई : नापास झाल्यालं कोण सांगतंय पोरीला?

गोरक्ष : आक्का, मी व्हिडिओ काढून टाकायला सांगितलंय. आणि येत्या रविवारी मंडळीपुढं उभा राहून गाळलेलं सांगणार आहे. तू येणार असशील तर तुझ्या समोर.

तुकाबाई : मी न्हाई येत. तुझ्या लोकांनी माझ्याकडं बघून हात जोडायचे, त्ये नगं मला.

गोरक्ष : मग मी काय करू? तू सांग. जे म्हणशील ते.

तुकाबाई : पत्रात काय व्हतं?

गोरक्ष : काय?

तुकाबाई : पत्रात. लिवल्यालं काय व्हतं? मी बघितलंच न्हाई ना. फकस्त तू वाचलंस. जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक न्हाई. जाळायच्या आधी किती येळा वाचलंस?

गोरक्ष : पाच महिने पुस्तकात होतं. विज्ञानाचं पुस्तक उघडलं की तेच. परीक्षा झाल्यावर जाळलं. पाठ आहे मला.

तुकाबाई : मग म्हण.

गोरक्ष : आत्ता?

तुकाबाई : हर्षे, सूप बाजूला घे. म्हण.

गोरक्ष : वर उजव्या हाताला तारीख. दोन नोव्हेंबर. खाली, प्रति, कुमारी तुकाबाई धर्माजी. मग पत्ता, भंवरलाल शेठ यांचे दुकान, घोडेगाव. विषय, सहाय्यक परिचारिका प्रसाविका प्रशिक्षणासाठी निवड झाल्याबाबत.

तुकाबाई : परिचारिका... काय?

गोरक्ष : प्रसाविका. बाळंतपण करणारी.

तुकाबाई : म्होरं.

गोरक्ष : उपरोक्त प्रशिक्षणासाठी आपली निवड झाली असून निवड यादीत आपला क्रमांक सात आहे.

तुकाबाई : कितीत सात?

गोरक्ष : वीस जागा होत्या.

तुकाबाई : इसात सात. आन् आठ नंबरची कोण असंल?

हर्षाली : ती तशीही गेलीच असेल, आई. तुझ्या जागेवर एकविसावी गेली असेल.

तुकाबाई : हां, एकविसावी. चांगली निघाली असंल का रं ती? हात हलका असंल का तिचा?

गोरक्ष : माहीत नाही, आक्का.

तुकाबाई : असू दे चांगली. म्हण म्होरं.

गोरक्ष : आपण दिनांक बावीस नोव्हेंबर रोजी सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. मुदतीत हजर न राहिल्यास निवड रद्द समजण्यात येईल.

तुकाबाई : बावीस तारखेला आपण घाट उतरत व्हतो.

गोरक्ष : तुम्ही उतरत होता. मी शाळेत होतो.

तुकाबाई : झालं? येवढंच?

गोरक्ष : नाही. खाली वेगळ्या शाईत होतं. सोबत आणावयाचे साहित्य. दोन पांढऱ्या साड्या. काळी चप्पल, आवाज न होणारी. ताट, वाटी, पेला. अंथरूण-पांघरूण. आणि सेकंद काटा असलेले मनगटी घड्याळ.

तुकाबाई : घड्याळ मी दादांना मागितलं असतं. दिलं असतं का नसतं, काय म्हाईत. पण सेकंद काटा कशाला? साधं चाललं नसतं?

हर्षाली : नाडी मोजायला लागतो, आई. मनगटावर बोटं ठेवायची आणि एका मिनिटात किती ठोके पडतात ते मोजायचं. नर्सला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

तुकाबाई : पयल्या आठवड्यात?

हर्षाली : हो.

तुकाबाई : कुठं ठेवायची बोटं?

हर्षाली : अंगठ्याच्या मुळाशी, जरा खाली. ही दोन बोटं. आपला अंगठा नाही ठेवायचा, त्याला स्वतःचा ठोका असतो, मग कुणाचा मोजतोय ते कळत नाही.

तुकाबाई : गोरख, हात आण हिकडं. जवळ ये, असा लांबनं काय देतोस? ...लागंना गं.

हर्षाली : थोडं दाबून बघ. फार नको.

तुकाबाई : थांब. हां. हां, लागली. लई जोरात चालतीय ह्याची. येळ लाव मोबाईलमधी.

हर्षाली : लावली. साठ सेकंद. कर सुरू.

गोरक्ष : आक्का, मला माफ...

तुकाबाई : बोलू नगंस. मोजतीय मी.