बाबांची रेलायची सवय

बाबांच्या आरामखुर्चीवाल्या सायकलीचं सांगितलं का तुम्हाले? कंबर धरली म्हणून गावच्या सायकल मिस्त्रीनं त्यांच्यासाठी बनवली होती. महिनाभर बाबा पाय पुढे पसरून, मस्त रेलून शेतात जायचे. पण तिच्यावर आईले मागं बसाले जागाच नव्हती. म्हणून कंबर सुधरल्यावर बाबांनी पुन्हा साधी सायकल काढली अन् आईले घेऊन खामगावच्या बाजारात गेले. तिथं भर गर्दीत सवयीनं मागं रेलले, ते थेट आईच्या खांद्यावर!

"सरळ बसा ना! लोकं पाहून राह्यले!" आई खेकसली.

येताना बाबा काठीसारखे ताठ. खामगाव मागं पडलं, रस्ता सुना झाला, तशी आई हळूच म्हणाली, "कंबर दुखून राह्यली असन तं रेला थोडं. इथं कोनी नाही."