नवा निघाला की

देवीदास : थांब, थांब. हे आकडे कोनं काढले?

कुंदन : काका, लीक आहे ना. कॉम्प्युटरचा हा नवा प्रोसेसर अजून बाजारात यायचा आहे, पण आतल्या कोणीतरी त्याच्या वेगाचे आकडे बाहेर फोडले.

देवीदास : परीक्षेचा पेपर फोडतेत तसे?

कुंदन : तसंच समजा. ही निळी पट्टी आताच्या प्रोसेसरची, ही लाल येणाऱ्याची. एकदम डबल! दिसते की नाही?

देवीदास : दिसते तं खरी. पन डबल हाये असं कोन म्हंते?

कुंदन : सगळेच म्हणतात. यूट्यूबवाले म्हणतात.

देवीदास : त्यायनं पाह्यला?

कुंदन : पाहिला नाही. पण त्यांचा एक माणूस आहे तैवानात.

देवीदास : आचल, तुह्या वळखीचा हाये काय थो तैवानचा मानूस?

आचल : बाबा, दुकानात आहोत आपण.

देवीदास : दुकानातच तं येऊन राह्यलो माय, दसऱ्यापासून. शेंदूरजन्याहून अमरावतीले याचं, या कुंदनचा चहा पेयाचा, अन् हात हालवत वापस. दसऱ्याले तू म्हने, दिवाळीत नवा येते, थांबा. दिवाळीत म्हने संक्रांतीले. आता तिळगूळ खाऊन झाला. आता कवा?

आचल : एप्रिलमध्ये.

कुंदन : एप्रिल-मे म्हणतात.

देवीदास : म्हंतेत! कुंदन, मी संत्र्याचा व्यापारी. लोकायचे बगीचे झाडावर घेतो, माल हिरवा असते तवाच. बगीचेवाला मले कुठून फिरवते, माहीत हाये? इहिरीच्या काठानं. तिथलं झाड असं लदलेलं, का फांद्यायले टेकू देल्ले. म्हंते, भाऊ, सबन बगीचा असाच हाये. मी हाव म्हंतो, अन् मंधात घुसतो. मंधातलं झाड खोटं बोलत नाई. हा तुहा लाल पट्टा मले इहिरीकाठचा दिसून राह्यला.

कुंदन : काका, तुमची बात सही आहे. कुठल्या थंडगार खोलीत चालवून पाहिला असेल, कोण जाणे. आपल्या मे महिन्यात इथे पंख्याखाली ठेवला, की त्यालाही धाप लागेल.

देवीदास : मंग कावून दाखोतं मले? तुले आजचा माल इकाचा नाई काय?

कुंदन : विकायचा आहे ना! मी कुठे थांबा म्हणतो? ताईंनीच सांगितलं, बाबांना ते आकडे दाखवा म्हणून.

देवीदास : आचलनं?

आचल : सहज म्हटलं होतं.

देवीदास : सहज. बरं, हे पाह्य. या पट्ट्यायले बुंधाच नाई. खालून छाटल्यासारख्या वाटतेत.

आचल : छाटल्याच आहेत, बाबा. शून्यापासून सुरू केल्याच नाहीत, म्हणून लाल पट्टी दुप्पट दिसते. खरा फरक दहाव्या हिश्श्याचा असेल. तोही असला तर.

देवीदास : तुले माहीत होतं हे?

आचल : लोकांची न बांधलेली घरं मी रोज कॉम्प्युटरवर उभी करून देते. एवढं कळणार नाही?

देवीदास : मंग दहाव्या हिश्श्यासाठी तू दसऱ्यापासून थांबून राह्यली?

आचल : जुनी चालते ना अजून.

देवीदास : जुनी मशीन तुही रडून राह्यली. आपला बगीचा तू तिच्यात उभा केला. खोडं आली, फांद्या आल्या, अन् पानं लावाले गेली का मशीन बंद. तूच सांगतलं ना मले? डोये भरून आलते तुहे. मंग आजच घेऊ. कुंदन, कॉम्प्युटरचा थो कोपऱ्यातला मोठा डबा बांध.

कुंदन : तो? काका, तो तर कपाटाएवढा आहे. अन् ताईंनी फोनवर लहान कॅबिनेट विचारलं होतं. मांडीवर मावेल असं. ट्रॅव्हल्सच्या...

आचल : कुंदनदादा!

कुंदन : मला वाटलं, काकांना माहीत आहे.

देवीदास : शेंदूरजन्याले मी जीपनं नेतो डबा. हे ट्रॅव्हल्स कुठची काढली?

(देवीदास तिच्याकडे नाही, कोपऱ्यातल्या मोठ्या डब्याकडे पाहत राहतो.)

आचल : हैदराबादची.

देवीदास : हं.

आचल : तिथल्या एका स्टुडिओनं घेतलं मला. सिनेमातले डोंगर, जंगलं, नद्या तिथे बनतात. होळी झाली की हजर व्हायचं.

देवीदास : होळी झाली का. अन् नवा प्रोसेसर एप्रिलात. म्हंजे डबा घरी आलाच नसता, अन् तू गेली असती.

आचल : हा मोठा डबा घरी आला असता, तर त्याला खोलीत एकटा ठेवून माझा पाय निघाला नसता, बाबा.

देवीदास : तुह्या मायले माहीत हाये?

आचल : आईला सांगितलं.

देवीदास : तरीच पापड लाटून राह्यली ती. मी म्हनलं, घरात खानारे तिघं, एवढे पापड कोनाच्या लग्नाले? तं म्हने, ऊन चांगलं पडून राह्यलं.

आचल : मी सांगणारच होते तुम्हाला.

देवीदास : कवा? नवा निघाल्यावर?

आचल : बाबा, मी पण एक विचारू? एवढ्या दुकानात तुम्हाला तोच डबा कसा दिसला? दोघांना उचलावा लागतो. लॅपटॉपचं तर नावही काढू दिलं नाही तुम्ही मला.

देवीदास : मोठा डबा मजबूत असते.

आचल : बाबा.

देवीदास : आता काय सांगू?

आचल : खरं सांगा.

देवीदास : लॅपटॉप पिशवीत मावते.

कुंदन : काका, पाणी मागवू?

देवीदास : नको, बावा. झाडाले कयी येते, कयीआड फूल येते, फुलाआड बोराएवढं संत्रं येते. त्या दिवसापासून मी जानतो, का हे एक दिवस ट्रकात चढनार हाये. लोकायच्या बगीच्यात उभ्या उभ्या सांगतो मी. घरच्या झाडाखाली बसलो, तं मले वाटे, सावलीच हाये फकस्त.

आचल : तुम्ही नको म्हणाल, म्हणून...

देवीदास : म्हनलंच असतं. दोन दिवस जेवलो नसतो. मंग तुही माय बोलली असती मले. तेवढं तं होऊ देयाचं होतं, पोरी.

आचल : आता म्हणा ना.

देवीदास : काय?

आचल : नको म्हणा. काय म्हणायचं ते म्हणा.

देवीदास : तिथी पानं लागतीन तुह्या झाडायले?

आचल : लागतील. वाऱ्यानं हलतीलसुद्धा.

देवीदास : मंग कुंदन, काढ थो लहान डबा. माह्या मांडीवर दे. हं. जड नाई. जमन मले हैदराबादपर्यंत.

आचल : तुम्ही येणार?

देवीदास : मंग काय ट्रॅव्हल्सवाल्याच्या भरोशावर सोडू? टपावर फेकते थो सामान. अन् थो स्टुडिओ मले मंधात घुसून पाहाचा हाये. रस्त्यावरून सबनच चांगलं दिसते.

आचल : बघा. सगळा बघा.

देवीदास : कुंदन, तुहा थो एप्रिलातला नवा या डब्यात बसन काय?

कुंदन : बसेल म्हणतात.

देवीदास : कोन म्हंते?

कुंदन : मी म्हणतो, काका. नाही बसला, तर मी बसवून देतो. पण दुकानात आणावा लागेल.

देवीदास : आयकलं, आचल? नवा निघाला का बदलवाले इथीसाच याचं. तिकडे कोनाच्या हाती देयाचा नाई.

आचल : बाबा, नवा तर दरवर्षी निघतो.

देवीदास : मंग दरवर्षी येजो.