टाकातली देवकी

माझं माहेर मुकुटबनकडचं, दिलं मले केळापूरच्या अंगाले, बिजवराले. त्याची पयली बायको देवकी तापानं गेलती, मागं रांगती सुमन. लग्नात सासूनं माझ्या गळ्यात टाक घातला, चांदीचा, त्याच्यावर देवकीचं तोंड ठोकलेलं, डोळे, नाक, सगळं. दुसरेपणावर दिलेल्या बाईले पयलीले असं वागवाच लागते, नवं लुगडं असो का गोडधोड, आधी तिले दाखवायचं, मंग आपलं. सासू म्हणे, हिले उतरवू नको, संसार हिचा हाय, तू पावणी. लय राग आला मले, पण नाही उतरवला. नवरा गेला तईं मंगळसूत्र काढलं, टाक ठेवला.

आता निराधारचे पैसे थांबले, केवायसी नाही म्हणून. त्याच्यावरच चूल पेटते माझी. सुमननं पांढरकवड्याच्या सेंटरवर नेलं. कापूस वेचू वेचू बोटं घासली, अंगठा उमटेच ना, तं सेंटरवाला म्हणे, तोंड दाखवा मोबाईलले. दाखवलं. मोबाईल म्हणे, एकाच माणसानं समोर बसावं. मागं कोण हाय, सरका ना, असा ओरडला सेंटरवाला. मागं नुसती भिंत, सुमन तं दारात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मंग त्यानं मोबाईल जवळून पाह्यला. आजी, म्हणे, गळ्यातलं काढा, मशीन याले माणूस समजून राह्यली.

काढला, सुमनजवळ देल्ला. तं मोबाईल म्हणे, चेहरा दिसत नाही. उजेडात बसवलं, चष्मा काढला, नाहीच. अव माय, मी जित्ती बसली हाओ ना समोर! सुमन म्हणे, मावशी, घाल तू. तिनंच घातला, पदराखाली सरकवला. डोळे मिटा, उघडा, म्हणे मोबाईल. मिटले, उघडले, झालं हिरवं.

सेंटरवाल्यानं फोटो दाखवला. लुगडं माझं, नाकावर चष्म्याचा वण माझा, बाकी काय सांगू तुम्हाले, डोळे, नाक टाकातले. सुमन मले जन्मभर मावशीच म्हणत आली, तिच्या मायचा एक फोटो नाही घरात, ते फोटोकडे पाह्यतच राह्यली न हळूच म्हणे, आई.

कोणाले म्हणाली, मी नाही विचारलं. भेव लागते, मले म्हटलं असंल तं बी, नसंल तं बी. पैसे येऊन राह्यले आता. चहाचा पयला घोट देवकीले दाखवल्याबिगर उतरत नाही. सुमनचं भलं होवो बापा, दोघींचंबी लेकरू हाय ते.