काडी वाकली कशाने

कानाझावाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी तेराओका नावाचे म्हातारे चित्रकार आणि त्यांची बायको बसली होती. समोरच्या भिंतीवर शाईचं चित्र होतं, लव्हाळ्याच्या वाकलेल्या काडीवर बसलेला खंड्या.

"डॉक्टरांना कालच्या चित्रातल्या त्या चिमणीचं सांगा," बायको म्हणाली.

"काय सांगू? बिघडली, फाडून टाकली."

"एकाच बाजूला दोन डोळे काढलेत तिला."

"शाई पातळ होती."

"चाळीस वर्षं मीच उगाळतेय. कालच बरी पातळ झाली!"

"अगं, आधी चोच आणि डोळा, मग अंग. डोळ्याचा ठिपका दिला, परत बघतो तर नाहीच. म्हणून पुन्हा दिला."

"नाहीच म्हणजे?"

"कागदाने पिऊन टाकला असेल. उगाच घाबरवू नकोस. आणि आत मी एकटा जाणार, तू इथेच बस."

"बरं."

"ते समोरचं बघ. नुसती लव्हाळ्याची काडी, बाकी सगळा कागद कोरा. इतकं कोरं सोडायला छाती लागते."

तिने त्यांचा हात दाबला.

"का गं? आवडलं नाही?"

"आवडलं."

"मग माझा हात कशाला दाबतेस? लोक बघतायत."

"बघू देत."

"एकच खटकतं. काडी इतकी वाकली कशाने? वारा म्हणावा, तर पानं सरळ आहेत. एवढी वाकायला वर वजन हवं... अगं, तिथं कोणी बसलंय का?"

"चला, नंबर आला आपला."

आतून अजून कोणाचंच नाव पुकारलं नव्हतं.