चाचणीच्या यादीतली लताबाई

(फोनवर. साक्षी एकलहऱ्याच्या घरी, महेश पुण्याच्या ऑफिसात.)

साक्षी : म्हणजे चोर मी ठरले, महेश. नोकरीच्या मुलाखतीत कंपनीवाल्यांनी माझ्या पायथनच्या कोडमधली एक ओळ सर्च केली, ती तुझ्या प्रोजेक्टमध्ये निघाली. म्हणाले, मॅडम, दुसऱ्याचं उचलून स्वतःचं म्हणून दाखवता?

महेश : अगं, ओपन सोर्स आहे ते. कोणीही घ्यावं, वापरावं.

साक्षी : घ्यावं की. लिहिणाऱ्याचं नाव पुसू नये, एवढंच असतं ना? वेगवेगळ्या स्पेलिंगमधली नावं जुळवायचा सगळा कोड माझा. आईच्या आजारपणात मी थांबले, आणि तू आयत्या बिळावर नागोबा झालास.

महेश : दोघांनी केलं होतं आपण.

साक्षी : मी लिहायचे, तू शेजारी बसून जेवायचास. काल सगळ्या फाइली वाचल्या मी. माझं नाव शोधून शोधून काढलंयस. कोड तपासायला मी नमुन्याची नावं घातली होती, ती चाचणीची फाइल तेवढी नीट वाचली नाहीस. चाळिसावी ओळ बघ.

महेश : थांब, उघडतो. ‘लताबाई, चांदवड.’ हे काय, उदाहरण असेल कुठलं तरी.

साक्षी : आई आहे माझी.

महेश : काकू? काकूंचं नाव लताबाई होतं?

साक्षी : सहा महिने तिच्या हातची भाकरी खाल्लीस. मातीलाही आलास. नाव नाही कधी विचारलंस.

महेश : काकूच म्हणायचो ना आम्ही सगळे. सॉरी, खरंच.

साक्षी : सॉरी नको. त्या कंपनीला दोन ओळींचा मेल टाक, कोड साक्षीचा आहे म्हणून. जागा अजून भरली नाही त्यांनी. पप्पा वीजकेंद्राच्या प्लँटमध्ये सगळ्यांना सांगून बसलेत नोकरी लागली म्हणून.

महेश : टाकला असता गं. पण ह्याच प्रोजेक्टवर मला जर्मनीला पाठवतायत. आत्ता हे निघालं तर संपलंच माझं. आभारात टाकतो ना तुझं नाव. चालेल?

साक्षी : नाही चालणार. मीच दाखवते त्यांना आईचं नाव.

महेश : हं.

साक्षी : टाइप काय करतोयस?

महेश : काही नाही. ऑफिसचं.

साक्षी : मी फाइलचं पान परत उघडलंय, महेश. चाळिसावी ओळ नाहीये.

महेश : साक्षी, ऐक जरा...

साक्षी : काढलं तरी बदलांच्या जुन्या नोंदीत राहतं, हे तुलाही माहितीये. तरी हात गेलाच तुझा. आई तिथूनही गेली.